फौजदाराचं स्थळ

"पोरीला स्थळ बघताना मी एवढी चौकशी नव्हती केली," रज्जाकभाई पुटपुटले. "मुलगा काय करतो विचारलं, चहा प्यालो, उठलो. आणि इथं एका कुत्र्यासाठी दोन-दोन फेऱ्या."

हे ते मला सांगत नव्हते, रिक्षाच्या हँडलला सांगत होते. पण मी त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर बसले होते, मांडीवर फौजदाराचं अर्धं धड आणि हातात फॉर्म घेऊन.

"मला ऐकू येतंय," मी म्हटलं.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतोय. देऊन टाका ना ताई. चांगली माणसं आहेत."

"चांगली माणसं काहीतरी लपवतात तेव्हा जास्त भीती वाटते मला."

यावर त्यांनी हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं.

याला आता चौदा वर्षं झाली. कऱ्हाडात माझं ब्लाउज शिवायचं दुकान होतं आणि दुकानामागे पत्र्यानं बंदिस्त केलेलं आवार. त्या आवारात रस्त्यावर सापडलेली, गाडीखाली आलेली, कुणीतरी बांधून सोडून गेलेली कुत्री असायची. बरी करायची, लस टोचून घ्यायची आणि त्यांना घर बघून द्यायचं, असा माझा उद्योग. शाळा माझी नववीत सुटली. ब्लाउज शिवायला मी उसवून उसवून शिकले आणि कुत्री सांभाळायला चावून घेऊन. रज्जाकभाईंनी एकदा रिक्षातून एक जखमी पिल्लू आणून दिलं आणि "ठेवून घ्या, येतो" म्हणाले. ते जे येतच राहिले ते राहिलेच. पुढं त्यांच्या मागच्या सीटच्या रेक्झिनला धड अशी जागा उरली नाही.

फौजदार हे नाव त्यांनीच ठेवलेलं. बदामी रंग, एक कान चावलेला, मागचा डावा पाय टेम्पोखाली जाऊन आखूड झालेला. साडेतीन पायांवर चालायचा, पण रुबाब असा की गल्लीतली धडधाकट कुत्री बाजूला व्हायची. खोड एकच. पहाटे साडेपाचला त्याला सगळं जग उठलेलं लागायचं. आधी भुंकायचा. मग पांघरूण ओढायचा. पांघरूण नसेल तर चादर, चादर नसेल तर नेसलेली लुंगी. या खोडीपायी तो दोन घरांतून परत आला. पहिलं घर आठ दिवस टिकलं, दुसरं एका मास्तरीणबाईंचं, ते महिनाभर. त्या दुसऱ्या घरातून आला तेव्हा पत्र्याकडे तोंड करून पडला आणि नऊ दिवस अन्नाला शिवला नाही. दहाव्या दिवशी मी त्याच्या तोंडात भिजवलेली भाकरी बोटानं कोंबली तेव्हा त्यानं गिळली, तीही माझ्यावर उपकार केल्यासारखी. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "बाई, पुन्हा एकदा असं झालं तर हे जगणार नाही. नीट बघून द्या, नाहीतर देऊ नका."

'देऊ नका' म्हणणं सोपं होतं. आवाराच्या मालकानं जागा विकली होती. महिनाअखेर मला ती रिकामी करायची होती. बाकीच्या चारांची सोय लागली. राहिला हा एकटा. माझं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई कुत्र्याचं नाव काढलं तरी सोवळ्यात जायच्या.

आणि मी नीट बघण्यात कुठं कमी पडत होते? उलट जरा जास्तच बघायला लागले होते. दोन वर्षांपूर्वी एक गोडबोल्या माणूस मोटारीतून आला होता. पोरांना घेऊन आला, पेढे घेऊन आला, दोन पिल्लं घेऊन गेला. महिन्यानं रज्जाकभाईंना ती एका पोल्ट्रीवर दिसली, हातभर दोरीला बांधलेली, पुढ्यात कोरडं भांडं. मोटार मागून आणलेली होती. पोरंसुद्धा मेव्हण्याची होती. पिल्लं आम्ही परत आणली, त्यातलं एक वाचलं. त्या दिवसापासून मी नियमच केला. घर बघायचं. एकदा सांगून जायचं, एकदा न सांगता. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारायचं, कुत्रं कुणाला हवंय. शेजारी विचारायचं. जमलं तर कपाटं बघायची. रज्जाकभाई म्हणायचे, ताई, तुम्ही पोलिसात पाहिजे होता.

तर, शालन वाठारकर.

ती पहिल्यांदा दुकानात आली ती चैत्रातल्या एका टळटळीत दुपारी. पन्नाशी ओलांडलेली, सावळी, दिसायला नेटकी. अंगावर सुरेख निळी इरकल. पण माझी नजर चेहऱ्यावर नंतर जाते, आधी शिवणीवर. ब्लाउज खांद्यावरून उतरत होतं, बगलेत बोटभर चुणी, पाठीवर दोन टाचण्या. साडीतलंच कापड, तरी माप भलत्याचंच. मला वाटलं, साडी-ब्लाउज दोन्ही कुणाचं तरी मागून घालून आलीये. मला लगेच ती मागून आणलेली मोटार आठवली.

"ब्लाउज घट्ट करून हवंय का?" मी विचारलं.

"आता नको," ती म्हणाली आणि समोरच्या स्टुलावर न विचारता बसली. "तुमच्याकडं कुत्री मिळतात म्हणं."

"मिळत नाहीत. आम्ही देतो."

"तेच ते. सगळ्यात तरास देणारं कुठलं?"

माझ्या हातातली कात्री थांबली. लोक गोंडस विचारतात, लहान विचारतात, पांढरं विचारतात. 'त्रास देणारं' कुणी मागितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"असं का विचारता?"

"आमच्या भिशीत एक मास्तरीणबाई आहेत. तुमचं एक कुत्रं त्यांनी परत केलं ना? पहाटे झोपू देत नाही म्हणून? ते आहे का अजून?"

मी तिला मागं नेलं. फौजदारानं तिच्याकडं बघितलं, तिनं फौजदाराकडं. हात लावायला ती पुढं झाली नाही. पदर आवरून दोन हात लांबच उभी राहिली.

"रोज उठवतं?"

"रोज."

"रविवारीसुद्धा?"

"त्याच्याकडं कॅलेंडर नाही."

"आणि माणूस नाहीच उठला तर?"

"पांघरूण ओढतो."

"तरी नाही उठला. पडूनच राहिला भिंतीकडं तोंड करून. मग?"

"मग छातीवर चढतो. अहो बाई, हा उठवल्याशिवाय सोडत नाही, म्हणून तर दोनदा परत आलाय."

ती हसली. का हसली ते मला कळेना. "हेच द्या," म्हणाली.

पुन्हा दुकानात येऊन बसल्यावर मी फॉर्म काढला. तिनं नाव सांगितलं, सदाशिव वाठारकर.

"तुमचं नाव?"

"शालन. पण लिहा त्यांचंच. सांभाळणार ते आहेत."

"मग ते का नाही आले?"

"त्यांना अजून माहीत नाही."

मी पेनाला टोपण घातलं. "घर बघितल्याशिवाय आम्ही देत नाही. गुरुवारी येते."

"या की," ती उठत म्हणाली. उठताना तिनं माझ्या मशीनच्या कडेला क्षणभर धरलं आणि मशीनवरून हात फिरवला, गिऱ्हाईक फिरवतं तसा नाही. "चांगली जपलीये तुम्ही."

ती गेल्यावर रज्जाकभाई दारातून आत आले. बराच वेळ ते बाहेर रिक्षा पुसत होते. पुसून पुसून काच जाईल असं वाटावं इतकं.

"चांगली बाई आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला सगळ्याच चांगल्या वाटतात. ब्लाउज बघितलंत तिचं?"

"मी बायकांची ब्लाउजं बघत नसतो, ताई."

गुरुवारी आम्ही ओगलेवाडीला गेलो. दोन खोल्या, पुढं पडवी, पडवीला जाळी, बाजूला जास्वंदीचं झाड. फाटक पक्कं, कुंपण पक्कं. कुत्र्याला पळून जायला फट नाही. एवढं चांगलं असलं की मला आणखीनच संशय येतो.

सदाशिव वाठारकर कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. उंच, रुंद, हात असे की आमचा चहाचा कप त्यात औषधाच्या टोपणासारखा दिसत होता. मी त्यांना पडवीत गाठलं.

"कुत्रं कुणाला हवंय?"

"हिला," ते लगेच म्हणाले. "मला काय शौक नाही. उभ्या जन्मात पाळलं नाही. पण ही दुपारभर पडून असते. उन्हाळा कडक आहे ना यंदा, जरा अशक्तपणा आलाय. कुत्रं आलं की त्याच्यामागं उठेल, हिंडेल-फिरेल."

"सकाळी फिरवणार कोण?"

"हीच की. पाऊस लागला, गारवा आला की बघा कशी टुणटुणीत होते."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"टॉनिक चालू आहे," ते म्हणाले आणि ताडकन उठले. "चहा आणखी घेता ना?"

"आत्ताच तर घेतला."

"अर्धा घ्या."

ते चहा ठेवायला गेले तशी मी शालनला मागच्या खोलीत गाठलं. ती खाटेवर बसून कसल्याशा वहीत लिहीत होती. मला बघून वही उशीखाली गेली.

"कुत्रं कुणाला हवंय?"

"त्यांना."

"ते म्हणतात तुम्हाला."

"म्हणू दे. मला लहानपणी चावलंय, मी कशाला मागेन? त्यांच्यासाठीच मागतेय."

"त्यांना शौक नाही म्हणाले."

"शौक कुणाला असतो, ताई? आपल्याला शौक होता म्हणून का आपण लग्न केलं?" आणि ती पुन्हा ते आधीचंच हसली.

झालं. नको असलेला आहेर दोन जावांनी एकमेकींच्या अंगावर ढकलावा तसं माझ्या फौजदाराचं चाललं होतं. निघताना मी कुंपणापलीकडच्या इंदूबाईंना हाक मारली. शेजार विचारणं हा माझा आवडता भाग. माणसं शेजाऱ्याबद्दल खरं बोलतात, थोडं चढवून बोलतात, पण बोलतात.

"मागच्या आठवड्यात टेम्पो आलता," इंदूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "शिलाई मशीन गेली, लोखंडी पेटी गेली. साड्यांची बोचकी भाच्या येऊन घेऊन गेल्या. जरीची पण."

"कुठं चाललेत?"

इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला. "ते मला नका विचारू बाई. त्यांच्या तोंडून ऐका." आणि आत जाऊन दार लावलं. चांगलं आपटून.

रिक्षात मी रज्जाकभाईंना म्हटलं, "घर सोडून चाललेत हे. सामान हलवतायत गुपचूप. कुत्र्याला मागं ठेवून जातील, नाहीतर कुठल्या तरी शेतावर नेऊन बांधतील."

रज्जाकभाईंनी आरसा नीट केला.

"तुम्ही बाहेर वाठारकरांशी एवढा वेळ काय बोलत होता?"

"रिक्षाचं."

"अर्धा तास?"

"रिक्षा जुनी आहे, ताई."

आता मात्र मला रज्जाकभाईंचाही संशय यायला लागला. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं कमी बोलताना बघितलं नव्हतं. बाहेर सोडायला आलेल्या वाठारकरांनी त्यांच्याकडं बघून हात जोडले होते, नव्या माणसाला जोडतात तसे नव्हे, आधीपासून ओळख असलेल्याला जोडतात तसे. विचारलं तर म्हणाले, कधीतरी दवाखान्याच्या फाटकावरून भाडं आणलं असेल, लक्षात नाही. रज्जाकभाईंच्या लक्षात नाही! त्यांना दहा वर्षांपूर्वीचं भाडं कुठं उतरलं ते आठवायचं.

आणि तरी, सोमवारी सकाळी अकराला, मी फौजदाराला घेऊनच न सांगता निघाले. 'एकदाच पेट्रोल जळू दे' हे रज्जाकभाईंचं म्हणणं. माझ्या मनात ठरलं होतं की खोटं बाहेर काढायचं आणि कुत्र्याला घेऊन परत यायचं. महिना संपायला चार दिवस होते. पुढं काय, ते मी ठरवलं नव्हतं.

दार उघडंच होतं. आतून शालनचा आवाज येत होता.

"पाणी कमी झालं. आणखी मळा. काय मळताय, का मशीनला ग्रीस लावताय?"

मी उंबऱ्यात थांबले. स्वयंपाकघरात वाठारकर मांडी घालून परातीपुढं बसले होते, कोपरापर्यंत पीठ. शालन खुर्चीवर, पाठीला उशी. तव्यावर काहीतरी काळं होत होतं.

"ही भाकरी आहे का नकाशा?" ती म्हणाली.

"तूच थाप मग."

"मी थापली तर तुम्ही काय शिकणार?"

मला बघून शालननं पदर सावरला. मी आत गेले. तशी सवयच होती मला. फळीवर डबे ओळीनं लावलेले आणि प्रत्येकावर नव्यानं चिकटवलेली चिठ्ठी, एकाच हातची. 'मोहरी. आधी ही.' 'जिरं. मोहरी तडतडल्यावर.' 'तूरडाळ. भिजवायची विसरू नका.' गॅसच्या वर भिंतीला मोठ्या अक्षरांत: 'बंद केला का?' मधलं दार उघडं होतं आणि आत लोखंडी कपाटही उघडं. एका बाजूला त्यांचे शर्ट गच्च भरलेले. दुसरी बाजू रिकामी, नुसते हँगर.

मग मला वाटलं, कळलं सगळं. घर दोघं सोडत नव्हती. एकटी तीच सोडत होती. मशीन दिलं, साड्या दिल्या, नवऱ्याला भाकरी शिकवून, डब्यांवर चिठ्ठ्या लावून ही बाई चालली होती आणि आपल्या जागी कुत्रं ठेवून जात होती. बायका आपलं मशीन मरेपर्यंत सोडत नाहीत. सोडलं तर ते घर सोडतानाच. एवढं मला माझ्या धंद्यातून ठाऊक होतं.

फौजदाराची दोरी मी दाराबाहेर रज्जाकभाईंच्या हातात दिली होती. फॉर्म मी ओट्यावर ठेवला.

"मला खोटं सांगून कुत्रं नेता येणार नाही," मी म्हणाले. आवाज चढला होता माझा, आज आठवलं तरी कान गरम होतात. "हा दोनदा परत आलाय. तिसऱ्यांदा आला तर मरेल, डॉक्टरांनी सांगितलंय. मोडणाऱ्या घरात मी त्याला देणार नाही. शालनताई, तुम्ही यांना सोडून चाललाय ना? तसं सरळ सांगा."

मग शालन हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, ठसक्याचा खोकला झाला आणि तो थांबेचना. ती पुढं वाकली. वाठारकर पिठाच्या हातांनीच उठले, तांब्या घेतला, एका हातानं तिची पाठ धरली. फार सवयीनं धरली. ब्लाउज खांद्यावरून घसरलं आणि शिवणीची आतली बाजू वर आली.

तिथं टिपेच्या तीन रेघा होत्या. आधीची उसवून आत घेतलेली, मग ती उसवून आणखी आत, मग तिसरी. तीनदा आत घेऊनही ते सैलच होतं. मागून आणलेलं नव्हतं. पहिली टीप जिथं होती, तिथं ते तिला नेमकं बसत असणार.

मी ते पुढं होऊन नीट केलं. तिच्या खांद्याचं हाड माझ्या बोटांना लागलं.

"हसले मी," ती श्वास घेत म्हणाली, "कारण आयुष्यभर हे मला म्हणत आले, एक दिवस जाशील मला सोडून. तुम्ही आज तेच म्हणालात." ती पाणी प्याली. "ताई, तुमचं चुकलं नाही. घर बघून देताय ते बरोबरच आहे. पण मी सांगून उपयोग नाही. कुत्रं यांच्याजवळ राहायचंय. यांना विचारा."

"काय विचारायचंय त्यात?" वाठारकर म्हणाले. "अशक्तपणा आहे. टॉनिक—"

"अहो."

"चहा ठेवू का? ताई उन्हातून आल्यात."

"बघितलं?" शालन मला म्हणाली. "पाच महिने झाले. मी तोंड उघडलं की हे चहा ठेवतात. घरात साखर टिकेना. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, तर बाहेर येऊन हे म्हणतात, त्या डॉक्टरचा शर्ट चांगला होता. मी मशीन भाचीला दिली तर म्हणतात, बरं केलंस, नवी घेऊ. वहीत सगळं लिहून ठेवलं, लाइट बिल कुठं, गादीचा कापूस कधी पिंजायचा, तर वही उघडत नाहीत." ती त्यांच्याकडं बघत नव्हती, परातीकडं बघत होती. "मला भाकरीची काळजी नाही. भाकरी येईल. माझी सासू गेली तेव्हा हे बारा दिवस भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी उठवलं. आता उठवणार कोण?"

बाहेर फौजदारानं एकदा भुंकून घेतलं. रज्जाकभाई त्याला काहीतरी दटावत होते आणि ते दटावताना त्यांचा आवाज धड नव्हता.

वाठारकर खाली परातीपुढं बसले. पीठ वाळून त्यांच्या बोटांवर तडकलं होतं. नखानं ते काढत राहिले, एकेक बोट, घाई न करता.

"काय खातो तो?" त्यांनी मला विचारलं.

"भाकरी, भात. अंडं मिळालं तर अंडं."

"दूध?"

"दूध नका देऊ. पोट बिघडतं."

"पाय दुखतो का त्याचा? तो आखूड?"

"थंडीत दुखतो. कोमट तेल लावायचं."

"बरं." ते दुसऱ्या हाताकडं वळले. "किती वर्षांचा?"

"चार असेल."

"म्हणजे अजून किती?"

"आठ-दहा वर्षं, नीट सांभाळला तर."

तव्यावरची भाकरी जळून धूर निघायला लागला होता, शालननं हात लांब करून गॅस बंद केला. मी फॉर्म पुढं ओढला. काहीतरी करायला हवं म्हणून ओढला, खरं तर. पेनाचं टोपण काढलं.

"मला एक रकाना भरायचाय," मी म्हटलं. माझा आवाज एवढा खाली आला होता की मलाच परका वाटला. "कुत्रं कुणासाठी, असा. तुम्ही दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिलीत. एकच लिहायचंय."

"लिहा की. हिच्या..." वाठारकर म्हणाले आणि थांबले.

मी थांबले. शालन थांबली. पाच महिने थांबलेली बाई ती, तिला आणखी मिनिटाचं काय. पण तिचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला होता. दारात रज्जाकभाई टोपी हातात घेऊन उभे होते आणि त्यांच्या पायाशी फौजदार, कान टवकारून, त्या बसलेल्या माणसाकडं टक लावून, जणू साडेपाच वाजून गेलेत आणि हा अजून उठत कसा नाही.

वाठारकरांनी मान वर केली. कुत्र्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. बायकोकडं बघितलं.

"माझ्यासाठी लिहा," ते म्हणाले. "मला पाहिजे तो." त्यांनी पिठाचा हात गुडघ्यावर ठेवला आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं. "शालन जगणार नाहीये."